पहिला चढ



व्याकरण शिकविण्यात उमेदीची वर्षे घालविलेल्या माणसाने पन्नाशीनंतर संगणकाच्या पडद्यावर रोलर कोस्टर रचावा, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु त्या आभासी रुळांवरच मला ‘नियम’ या शब्दाचा अर्थ नव्याने उमगला.

या गाडीला सहसा इंजिन नसते. साखळी तिला पहिल्या चढावर ओढून नेते. पुढचा सारा प्रवास त्या उंचीच्या ठेवीवर चालतो. घर्षण वगळले, तर ४० मीटर खाली येताना तिचा वेग ताशी सुमारे १०० किलोमीटर होतो. प्रत्यक्षात घर्षण ही ठेव खर्च करीत राहते. म्हणून पुढचा चढ पहिल्याहून उंच ठेवता येत नाही. उभा वळसा पूर्ण वर्तुळाकार केल्यास तळाशी प्रवाशाला स्वतःचे वजन सहापट जाणवू शकते. यास्तव १९७६ साली कॅलिफोर्नियातील ‘रेव्होल्यूशन’साठी अभियंते वेर्नर स्टेंगल यांनी त्याला थेंबाचा आकार दिला. माझ्या पहिल्या वळशासाठी मी तोच स्वीकारला आणि गाडी माथ्यावरून सुखरूप गेली. नियमाने तिला अडविले नव्हते, पार नेले होते.

नोकरी व संसार सांभाळून रात्री ही पुस्तिका उघडणाऱ्या आपणांपैकी अनेकांना संधी-समासांचे नियम जाचक वाटतात. काहीजण येथेच अभ्यास सोडतात. आपण थांबू नये. पहिला चढ संथच असतो. त्या वेळी उंची जमा होत असते.