एकदाच येणारी हाक

परवा भाचा आला होता. संगणकाच्या कंपनीत आहे, लिनक्सच्या कर्नलवर काम करतो. जेवताना विचारलं, "मला समजेल असं सांग, तू नेमकं करतोस काय?" म्हणाला, "मामा, इंटरप्ट सांभाळतो."

मंडळी, मग मीही आयुष्यभर तेच केलं की! वर्गात कविता रंगात आलेली आणि शिपाई नोटीसवही घेऊन दारात उभा. कुठे थांबलो ते लक्षात ठेवायचं, सही करायची, पुन्हा त्याच ओळीवर यायचं. भाचा म्हणाला, प्रोसेसरही हेच करतो. कळ दाबली गेली, नेटवर्कवरून काही आलं, की हातातलं काम कुठवर झालंय ते जपून ठेवतो, आलेल्याचं बघतो आणि मागे परततो.

गोम पुढेच आहे. १९९१ साली लायनस टोरवाल्ड्सने लिनक्स लिहायला घेतलं ते इंटेलच्या ३८६ साठी. पुढे ते अल्फा, पॉवरपीसी, एआरएम अशा अनेक प्रोसेसरांवर गेलं. प्रत्येकाची हाक देण्याची तऱ्हा निराळी, म्हणून प्रत्येकासाठी व्यवस्थाही वेगळी लिहिली गेली, बरीचशी एकमेकांची पाहून. वर्गात एकाची वही सगळे उतरवतात तसं. मूळ वहीतली चूक सुधारली तरी बाकीच्या वह्यांत ती तशीच!

एआरएमची बाजू सांभाळणाऱ्या रसेल किंग यांनी हाकांचे प्रकार पाडून प्रत्येकाची रीत वेगळी केली. तो धागा धरून थॉमस ग्लाइक्सनर आणि इंगो मोल्नार यांनी सर्वांसाठी सामाईक व्यवस्था बांधली. ती २००६ साली २.६.१८ या आवृत्तीत आली. चिपपुरतं लागेल तेवढं वेगळं, बाकी रीत एकच.

त्यातले दोन प्रकार मला फार पटले. एक 'लेव्हल': कारण दूर होईपर्यंत थांबतच नाही, पाळण्यातल्या बाळासारखा. दुसरा 'एज': दारावर एकदाच टकटक, संपलं. तो निसटला तर पुन्हा येईलच असं नाही. म्हणून आपण कामात असलो तरी त्याची नोंद ठेवायची आणि हातातलं संपताच तिकडे वळायचं.

हे ऐकून मी गप्प झालो. आमची ही 'एज' प्रकारातली. दोन वर्षांपूर्वी न्हाणीघरात पाय घसरला तेव्हा तिने एकदाच "अहो" म्हटलं होतं. मी शब्दकोडं सोडवत होतो. "आलो" म्हणालो आणि विसरलो. वीस मिनिटांनी उठलो तेव्हा ती जमिनीवरच होती. खुब्याचं हाड मोडलेलं. "पुन्हा का नाही हाक मारलीस?" विचारलं तर म्हणाली, "तुम्ही आलो म्हणालात ना!"

तिने त्याबद्दल कधी बोल लावला नाही. तेच जास्त टोचतं.

फोन, फेरीवाले, नातवंडं ओरडत राहतात, त्यांच्याकडे कुणाचं तरी लक्ष जातंच. एकदाच हाक मारणाऱ्याची नोंद मात्र आपणच ठेवायची असते. हल्ली "अहो" ऐकलं की आधी पेन खाली ठेवतो.

असो. हे लिहिताना दोनदा उठलो. कुठे ठिगळ दिसलं तर सांभाळून घ्या.