काबर?

लवादाचा निवाडा हाती आला तेव्हा आप्पांनी तो माझ्यापुढे ठेवला आणि एवढेच विचारले, ‘‘काबर?’’ अहिराणीतला हा प्रश्न ‘का’ या शब्दाहून जड आहे. त्यात विचारणाराची दुखावलेली समजूतही असते.

विसरवाडीकडून नवापूरमार्गे गुजरातेत जाणारा महामार्ग रुंद झाला, तेव्हा माझ्या या चुलत्यांच्या शेताची एक पट्टी आणि त्या पट्टीतली बांधीव विहीर गेली. मोबदला त्यांना मान्य नव्हता. राष्ट्रीय महामार्ग कायद्याप्रमाणे असा वाद केंद्र सरकारने नेमलेल्या लवादापुढे जातो, तसा तो गेला. निवाड्याची बहुतेक पाने दोन्ही पक्षांचे म्हणणे उतरवण्यात खर्ची पडली होती. शेवटी निर्णय मात्र तीन ओळींचा: कागदपत्रे पाहिली, ठरलेला दर योग्य वाटतो, सबब मागणी अमान्य. दर योग्य का वाटला, हे नव्हते. विहिरीचा तर उल्लेखही नव्हता.

एके काळी असे मौन कायद्याला चालत असे. १९४० च्या लवाद कायद्याखाली, केवळ कारणे दिली नाहीत म्हणून निवाडा रद्द होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९८९ साली रायपूर विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात म्हटले होते. आपणच विश्वासाने निवडलेल्या पंचाला जाब विचारू नये, ही भूमिका समजण्याजोगी आहे. पण महामार्गाचा लवाद शेतकऱ्याने निवडलेला नसतो. ज्याला निवडलेच नाही, त्याच्या मौनावर विश्वास कशाच्या बळावर ठेवायचा?

१९९६ च्या कायद्याने कलम ३१(३) मध्ये कारणे देणे बंधनकारक केले. पक्षांनीच ती नकोत असे ठरवले असेल किंवा तडजोडीने निवाडा झाला असेल, तेवढाच अपवाद. २०१९ च्या मे महिन्यात ‘सांगयाँग’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कारणाविना निवाडा ही उघड बेकायदेशीरता ठरवली. त्याच वर्षी डिसेंबरात ‘डायना टेक्नॉलॉजीज’ प्रकरणात कारणांची कसोटी सांगितली: ती योग्य, समजण्याजोगी आणि पुरेशी हवीत. लांबलचक नसली तरी चालतील.

हे सारे वाचून मी हुरळलो होतो. वकीलसाहेबांनी मला जमिनीवर आणले. ‘‘आप्पा, कलम ३४ चा अर्ज म्हणजे अपील नव्हे. जिल्हा न्यायालय तुमचा दर नव्याने ठरवणार नाही.’’ महामार्ग प्राधिकरण विरुद्ध हकीम या २०२१ च्या निकालात, न्यायालय निवाडा रद्द करू शकते, बदलू शकत नाही, असे ठरले. २०२५ साली घटनापीठाने दुरुस्तीचे मर्यादित अधिकार मान्य केले. तरी नव्याने मूल्यांकन करण्याइतके ते मोठे नाहीत. अर्ज मंजूर झाला तरी बहुधा पुन्हा लवादापुढेच उभे राहायचे.

मग उणीव भरून काढण्यासाठी हाच निवाडा लवादाकडे परत पाठवता येणार नाही का? कलम ३४(४) मध्ये तशी सोय आहे. पण २०२२ च्या ‘आय-पे’ निकालाने एक भेद केला आहे. निष्कर्ष असेल आणि कारण राहिले असेल, तर ते भरता येते. निष्कर्षच नसेल, तर भरायचे कशात? म्हणजे दराचे कारण कदाचित मागाहून लिहिता येईल. विहिरीवर निष्कर्षच नाही. एकाच निवाड्यात दोन प्रकारची मौने होती, आणि कायद्याच्या लेखी दुसरे अधिक गंभीर होते.

मुदत तीन महिन्यांची. सबळ कारण असेल तर आणखी तीस दिवस, त्यापुढे एकही नाही. आप्पांचे वय सत्तरीपुढचे. मिळेल ते घेऊन मोकळे व्हावे, असे घरात सर्वांना वाटत होते. खरे सांगायचे तर मलाही. ते म्हणाले, ‘‘हरलो तर हरलो. पण ती विहीर बापाने खोदली. तिच्याविषयी कोणी एक ओळ तरी लिहावी की नाही?’’

हरणाऱ्याला कारण देणे म्हणजे त्याचे म्हणणे ऐकले होते, याची पोच देणे. विहिरीचे पैसे पुढे मिळाले नाहीत, तरी ही पोच आप्पांना देणे बाकीच राहते. मुदत संपायला नऊ दिवस असताना आम्ही नंदुरबारला जाऊन अर्ज दाखल केला.