लोणारचे खारे पाणी आणि उत्क्रांतीची दिशा

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर हे विज्ञान आणि अध्यात्म यांचा मेळ दाखवण्यास फार सोयीचे स्थळ मानले जाते, आणि ही सोयच बहुधा दिशाभूल करते. लवणासुर नावाचा दैत्य येथे भूमीखालच्या विवरात राहत असे, विष्णूने पायाच्या अंगठ्याने त्यावरचे झाकण उडवून त्याचा वध केला, अशी कथा आहे. गावातील दैत्यसूदनाचे मंदिर त्या वधाचेच स्मरण होय. या कथेत पूर्वजांनी उल्कापाताची नोंद करून ठेवली, असे मोठ्या उत्साहाने सांगितले जाते. तथापि आघातात वितळून काच झालेल्या खडकांचे आर्गॉन वायूच्या प्रमाणावरून जे कालमापन झाले, त्यानुसार हा आघात सुमारे ५ लाख ७० हजार वर्षांपूर्वीचा ठरतो, तर आधुनिक मानवाचे आजवर सापडलेले सर्वांत जुने अवशेष सुमारे ३ लाख वर्षांचे आहेत. तो आघात पाहून त्याची कथा सांगणारा माणूस तेव्हा जन्मालाच आलेला नव्हता.

हे विवर आघाताने झाले, हे उत्तर विज्ञानालाही सहज मिळाले नाही. दख्खनचे पठार लाव्ह्याचेच असल्यामुळे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा हा खड्डा ज्वालामुखीचा समजला जाणे स्वाभाविक होते, आणि येथे मॅस्केलिनाइट सापडल्यावर, म्हणजे प्रचंड दाबामुळे ज्याची स्फटिकरचना मोडून काच झाली असे खनिज हाती आल्यावर, १९७०च्या दशकात आघाताचा सिद्धान्त पक्का झाला. आवडती समजूत पुराव्यापुढे सोडून देण्याची ही तयारी एक प्रकारचे वैराग्यच आहे, आणि कथेत उल्का शोधण्यापेक्षा अध्यात्माशी विज्ञानाचे नाते येथे अधिक खरे जुळते.

उत्क्रांती वरच्या पायरीकडेच चढत जाते, हा गैरसमजही याच विवरातल्या खाऱ्या सरोवरात दूर होऊ शकतो. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या अभ्यासात त्याचे कारण हॅलोआर्किया, म्हणजे अतिखाऱ्या पाण्यात वाढणारे रंगद्रव्ययुक्त सूक्ष्मजीव, असल्याचे आढळले. हे जीव जिवाणूंहून वेगळ्या, अतिप्राचीन शाखेतले असून मेंदू, भाषा वा आत्मज्ञान यांपैकी कशाचीही त्यांना गरज पडलेली नाही. नैसर्गिक निवड, म्हणजे परिस्थितीत तगणाऱ्या गुणांचे पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहणे, ही प्रक्रिया वरच्या पायरीकडे नेतेच असे नाही. ती फक्त चाळणी लावते. म्हणून योगी अरविंदांचे अतिमानस, म्हणजे मनापलीकडची चेतनेची पातळी, किंवा फ्रेंच जेझुइट पुराजीवशास्त्रज्ञ तेयार द शार्दां यांचा ओमेगा बिंदू, जिथे सर्व चेतना एकवटेल असे त्यांना वाटे, या कल्पनांना जीवशास्त्राचा निष्कर्ष म्हणून पुढे करता येत नाही. ती दर्शने आहेत, आणि दर्शन म्हणून त्यांचे मोल कमी होत नाही.

वर्ध्याजवळच्या पवनारला राहून विनोबांनी मांडलेला विचार या बाबतीत अधिक संयमी आहे. विज्ञान गती देते आणि आत्मज्ञान दिशा देते, असे ते म्हणत. दिशा निसर्गातच दडलेली आहे, असे गृहीत धरण्याची गरज या मांडणीत उरत नाही, कारण ती माणसाने निवडावयाची असते. मानवाचे पुढील बदल जनुकांपेक्षा सांस्कृतिक उत्क्रांतीतून, म्हणजे शिकून व शिकवून पुढे जाणाऱ्या सवयी, कायदे आणि निषेध यांतून, कितीतरी वेगाने घडत असल्याने ही निवड तातडीचीही आहे. जनुके संपादित करण्याची साधने हाती आल्यापासून तर चाळणीच माणसाच्या हातात येऊ लागली आहे.

अशी निवड लोणारलाही करावी लागते. तेथील विवराच्या काठावरची धार गोड्या पाण्याची आहे. भाविक तिला तीर्थ मानून स्नान करतात आणि तेच पाणी खाली उतरून सरोवराला मिळते. त्या सरोवराला २०२० साली रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, स्थान मिळाले. तरी वरच्या वस्तीचे सांडपाणी आणि साबणाचा फेस त्यात मिसळण्याचा प्रश्न वर्षानुवर्षे चर्चेत राहिला. लाखो वर्षांत जमलेला तेथील क्षारांचा तोल अशा पाण्याने ढळू शकतो, हे प्रयोगशाळा सांगू शकते. तीर्थात साबण लावू नये, ही मर्यादा मात्र स्नानाला उतरणाऱ्यालाच पाळावी लागते.