दोन केबीचा बॅकअप

मिरचीच्या मोंढ्यातला कॉम्प्युटर उघडायचा म्हणजे आधी नाकाला रुमाल बांधावा लागतो. कॅबिनेटचं झाकण काढलं की तांबडा भुगा उडतो. पंख्याच्या पात्यांवर, रॅमच्या खाचेत, पॉवर सप्लायच्या जाळीत, सगळीकडं मिरची. धर्माबादेत मिरचीचा बाजार मोठा, गावात पावडरच्या गिरण्याही आहेत, त्यामुळं इथं मशीन दुरुस्त करणारा माणूस दिवसातून दहा वेळा शिंकतो. मी तो माणूस. स्टेशनरोडच्या बाजूला माझं छोटं दुकान आहे: झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, कॉम्प्युटर रिपेअर. ही हकीकत जानेवारी २०२० ची आहे. पाच वर्षं मी ती कुणाला पूर्ण सांगितली नव्हती. ज्यांच्या आडत दुकानात ती घडली त्या शेठला तर नाहीच.

त्या वर्षी संक्रांत १५ तारखेला होती आणि आदल्या दिवशी, म्हणजे भोगीला, विंडोज ७ चा सपोर्ट संपणार होता. शेठनं पेपरात वाचलं, ‘विंडोज ७ बंद’. मला फोन केला. “मशीन बंद पडायलंय म्हणे परवा?”

बंद काही पडणार नव्हतं. सपोर्ट संपला म्हणजे सुरक्षेचे नवे अपडेट येणार नाहीत, एवढंच. मशीन काल चालत होतं तसं उद्याही चालणार. हे मला माहीत होतं. पण मी म्हणालो, “हो शेठ, बदलावं तर लागंल.” विंडोज टाकायचे पाचशे रुपये आणि माझ्याकडं पडून असलेली चार जीबीची रॅम खपवायची सोय. पहिली चूक तिथंच, बटणाला हात लावायच्याही आधी झाली.

त्या आडत दुकानात कॉम्प्युटरवर एकच महत्त्वाचं काम चालायचं. डॉसमधला एक प्रोग्रॅम, फॉक्सप्रोमध्ये लिहिलेला, काळ्या पडद्यावर पिवळी अक्षरं. निजामाबादच्या एका माणसानं तो वीसेक वर्षांपूर्वी लिहून दिला होता. रेल्वेनं फ्लॉप्या घेऊन यायचा म्हणे. माउसचं काम नाही. मुनीमकाका चष्मा कपाळावर ठेवून नुसत्या बोटांच्या सवयीनं एफ-२, एफ-५ दाबत जायचे आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटर किरकिरत पट्टी काढायचा. किती कट्टे, किती वजन, काय भाव, हमाली, तोलाई, आधीची उचल वजा, हातात किती. कार्बन लावून तीन प्रती: एक शेतकऱ्याला, एक खरेदीदाराला, एक दुकानात. असा प्रोग्रॅम २०२० मध्ये कुणी कशाला वापरतं, असं शहरातला माणूस विचारेल. लेझर प्रिंटरवर कार्बन निघत नाही, हे एक उत्तर. दुसरं उत्तर असं की, तो चालत होता.

रविवारी, १९ तारखेला रात्री, मोंढा बंद असताना मी बसलो. मशीनमध्ये दोन जीबी रॅम आणि ३२ बिटचं विंडोज ७ होतं. माझी चार जीबी घातली की सहा झाली. ३२ बिटची विंडोज चार जीबीच्या पुढं पाहू शकत नाही, मग माझी निम्मी रॅम वाया जाणार. म्हणून ६४ बिटचं विंडोज १० टाकायचं ठरवलं. म्हणजे शेठला नको असलेली रॅम मी विकली आणि ती शोभावी म्हणून शेठला नको असलेली विंडोज टाकली. आता लिहिताना हे सरळ दिसतं. तेव्हा मला ते तंत्रज्ञान वाटत होतं.

बॅकअप घेतला. डेस्कटॉपवर ‘आडत’ नावाचं चिन्ह होतं, ते उचललं आणि पेन ड्राइव्हवर टाकलं. पापणी लवायच्या आत कॉपी झालं. वीस वर्षांचा हिशोब पापणी लवायच्या आत जातो कसा, हा प्रश्न मला पडायला हवा होता. मला वाटलं, पेन ड्राइव्ह चांगला निघाला.

इन्स्टॉल करताना डिस्क फॉरमॅट केली नाही. शहाणपण म्हणून नव्हे; झोप आली होती, आणि परत ड्रायव्हर शोधायचा आला तर जुनं काहीतरी असू द्यावं, म्हणून. रात्री साडेबाराला नवा निळा पडदा आला. पेन ड्राइव्हवरचं ‘आडत’ डेस्कटॉपवर परत ठेवलं. चिन्ह दिसलं, म्हणजे प्रोग्रॅम आला. उघडून पाहिला नाही. शटर ओढलं आणि घरी गेलो.

सोमवारी सकाळी शेठनं मशीनला उदबत्ती ओवाळली, मुनीमकाकांनी ‘आडत’वर क्लिक केलं आणि मला फोन आला.

पडद्यावर निळ्या पट्टीत दोन वाक्यं होती. हे ॲप तुमच्या पीसीवर चालू शकत नाही. तुमच्या पीसीसाठीची आवृत्ती हवी असेल तर सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला विचारा. मी ती त्या दिवसात निदान चाळीस वेळा पाहिली असतील. पाहिली, वाचली नाहीत. ती आली की माझं बोट आपोआप ‘क्लोज’वर जायचं, डास मारावा तसं.

मग माझे उपाय सुरू झाले. राइट क्लिक, रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर. नाही. कंपॅटिबिलिटीत जाऊन विंडोज एक्सपीवर टिक. नाही. विंडोज ९५ वर टिक. नाही. मग मी अँटिव्हायरसवर संशय घेतला आणि तो काढून टाकला. नाही. एकदा मशीन बंद करून चालू केलं, मग दोनदा, मग प्लग काढून. चार उपाय एकदम करायचे आणि कशानं काय झालं ते कळू द्यायचं नाही, ही आमच्या धंद्यातली जुनी खोड. गिऱ्हाइकाला वाटतं माणूस झटतोय.

दहा-साडेदहाला सौदे सुरू झाले. अकरापर्यंत ओट्यावर पट्टीसाठी माणसं बसली. मुनीमकाकांनी काही न बोलता वही काढली, कार्बन लावला आणि हातानं पट्ट्या लिहायला घेतल्या. ज्यांची उचल नव्हती ते पैसे घेऊन गेले. पण ज्यांनी खतासाठी, मजुरीसाठी आधी पैसे उचलले होते त्यांचा आकडा मशीनमध्ये होता. ते थांबले.

त्यांच्यात सीमेपलीकडचे, तेलंगणातल्या बासरच्या बाजूचे एक म्हातारे शेतकरी होते. धर्माबादेत अर्धा बाजार तेलुगूत चालतो, पण माझं तेलुगू दुकानदारीपुरतं. ते तासातासाला दारात येऊन विचारायचे, “एप्पुडु?” म्हणजे कधी. मी म्हणायचो, “सर्व्हर डाऊन.” हे दोन शब्द आता सगळ्या भाषांत चालतात. बँकेत, तहसीलला, रेशन दुकानात त्यांनी ते ऐकलेले. ते मान हलवून परत बसायचे. आमच्या दुकानात सर्व्हर नावाची वस्तूच नव्हती.

दुपारी मला नवीन सुचलं. सी ड्राइव्हमधलं ‘आडत’चं जुनं फोल्डर विंडोज बदलताना बिघडलं असणार, ते उडवावं आणि पेन ड्राइव्हवरचं ताजं टाकावं. मी फोल्डर निवडलं आणि डिलीट दाबलं.

इथं एक सांगायला पाहिजे. मी नेहमी शिफ्ट धरून डिलीट करतो. कचरापेटीत पाठवायचं आणि मग ती रिकामी करायची, हे मला बायकी काम वाटायचं (हा शब्दही माझीच चूक, बायको हे वाचणार आहे). शिफ्ट धरली की फाइल थेट जाते. पण त्या क्षणी डाव्या हातात चहाचा ग्लास होता. हात मोकळा नव्हता, म्हणून शिफ्ट दाबली गेली नाही.

मग पेन ड्राइव्ह उघडला. त्यात ‘आडत’ होतं. आकार दोन केबी. कोपऱ्यात छोटासा बाण.

तो बाण म्हणजे शॉर्टकट. वस्तू नव्हे, वस्तूकडं बोट दाखवणारी पाटी. हे मी एमएस-सीआयटीच्या पोरांना शिकवलंय: “बाण दिसला की समजायचं, माल दुसरीकडं आहे.” आता माल दुसरीकडंही नव्हता, मीच उडवला होता. कानात घूं असा आवाज आल्याचं आठवतं. शेठ समोर बसून कुणाशी तरी भावाची घासाघीस करत होते. मी चहाचा ग्लास हळूच खाली ठेवला, कचरापेटी उघडली. फोल्डर होतं. परत ठेवलं. नंतर दहा मिनिटं मी नुसता माउस हलवत बसलो, काम चालू आहे असं दिसावं म्हणून.

त्यानंतर तरी थांबायला हवं होतं. पण संध्याकाळी मी नेटवरून कुठलंतरी ‘फिक्सर’ उतरवलं. त्यानं काही दुरुस्त केलं नाही. ब्राउझर उघडला की जुगाराच्या जाहिराती मात्र यायला लागल्या. अँटिव्हायरस मी सकाळीच काढला होता. जीएसटीसाठी नेट लागतं आणि नेटवर सुरक्षित राहावं म्हणून विंडोज बदलायची, हे मीच शेठला पटवलं होतं.

रात्री अकराला निघालो तेव्हा ओट्यावर ते म्हातारे बारदान्यावर झोपले होते. गावाकडची गाडी निघून गेली होती. जानेवारीतली थंडी. शेठनं त्यांना रग दिली होती. मी टॉर्च बंद करून गेलो, ते जागे होऊन ‘एप्पुडु’ विचारतील म्हणून.

मंगळवारी सकाळी मुनीमकाका माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही. पट्टीवरची नावं ते अक्षरांच्या आकारावरून ओळखतात. म्हणाले, “पोरा, ते काय लिहून यायलंय, मला मराठीत सांग.”

मी सांगायला लागलो. पहिलं वाक्य सांगितलं, दुसरं सांगितलं: बनवणाऱ्याला विचारा.

“मग विचारलास का?”

मुनीमकाकांच्या डायरीत निजामाबादचा नंबर होता. मला तो मागायचाच सुचला नव्हता, असं मी इतरांना सांगतो. खरं असं की सुचलं होतं. पण दुसऱ्याला विचारायचं म्हणजे आपल्याला येत नाही हे शेठसमोर कबूल करायचं, आणि मी तर रविवारी रात्रीच पाचशे रुपये घेतले होते.

फोन लागला. माणूस आता साठीच्या पुढचा, मराठी-हिंदी-तेलुगू मिसळून बोलणारा. मी म्हणालो, “सर, एरर यायलाय.” ते म्हणाले, “एररला नाव असतंय बाबू, वाच.” वाचलं. वाक्य संपायच्या आत त्यांनी विचारलं, “सिक्स्टी फोर टाकला क्या?”

दीड दिवसाचं काम एका प्रश्नात संपलं. त्यांनी समजावलं ते असं. ३२ बिटच्या विंडोजमध्ये डॉससाठी एक खोटं मशीन बसवलेलं असतं, एनटीव्हीडीएम नावाचं. जुन्या प्रोग्रॅमला वाटतं आपण जुन्याच कॉम्प्युटरवर आहोत. प्रोसेसर ६४ बिटच्या पद्धतीनं चालू लागला की डॉससाठीची ती जुनी सोय त्याच्याकडं उरत नाही, म्हणून ६४ बिटच्या विंडोजमध्ये हे खोटं मशीन ठेवलेलंच नाही. एक्सपीवर टिक करा, ९५ वर करा. खोलीच बांधलेली नाही, तर दार कुठलं उघडणार? व्हीडॉससारखे प्रोग्रॅम वापरून वेगळी वाट काढता येते, पण शिकायला वेळ लागेल, असंही ते म्हणाले. “अभी सीझन है. थर्टी टू डालो.”

या वेळी मी शेठच्या डिस्कला हात लावला नाही. माझी एक जुनी हार्ड डिस्क लावून तिच्यावर ३२ बिटचं विंडोज १० टाकलं. ‘आडत’चं पूर्ण फोल्डर आधी पेन ड्राइव्हवर घेतलं. कॉपी व्हायला बराच वेळ लागला, आणि त्या हिरव्या पट्टीकडं बघत बसणं मला फार आवडलं. प्रोग्रॅम चालवल्यावर विंडोजनं स्वतःच विचारलं, एनटीव्हीडीएम लागेल, टाकू का? टाक म्हटलं. काळा पडदा आला, पिवळी अक्षरं आली, आणि लगेच एक नवीन वाक्य: फार फाइली उघड्या आहेत. बोट ‘क्लोज’कडं निघालं होतं. मी हात मांडीवर ठेवला, वाक्य दोनदा वाचलं, निजामाबादला परत फोन केला. कॉन्फिग डॉट एनटी नावाच्या फाइलीत एक आकडा वाढवायचा होता. पाच मिनिटांचं काम.

बुधवारी सकाळी पहिली पट्टी त्या म्हाताऱ्यांची निघाली. माल सोमवारी उतरलेला, पट्टीवर तारीख २२. त्यांनी कागद मुनीमकाकांपुढं धरून तारखेवर बोट ठेवलं. काकांनी पेनानं तारीख दुरुस्त केली, सही केली. मला वाटलं ते माझ्याकडं बघून काहीतरी म्हणतील. पैसे दोनदा मोजले, कोपरीच्या खिशात घातले आणि गेले. दोन रात्रींचं त्यांचं नुकसान किती, हे कुठल्याच पट्टीत आलं नाही. मी शेठचे पाचशे परत केले नाहीत. रॅम मात्र काढून आणली. ३२ बिटला तिचा पूर्ण उपयोग नव्हता, आणि शेठला मी सांगितलं की ती ‘खराब’ निघाली. रॅम चांगली होती.

२०२५ च्या ऑक्टोबरात, १४ तारखेला, विंडोज १० चा सपोर्टही संपला. शेठच्या नातवाचा फोन आला, “काका, ११ टाकून देता का?” विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं. मी त्याला म्हणालो, मशीन बंद पडणार नाही; त्याचं नेट आधी काढून ठेव, जीएसटीचं काम दुसऱ्या मशीनवर कर; पुढं काय करायचं ते मला आत्ता माहीत नाही, विचारून सांगतो.

निजामाबादला फोन लावला. बऱ्याच वेळानं उचलला. मी सगळं सांगितलं, पडद्यावर काय येतंय तेही वाचून दाखवलं. पलीकडून खोकल्याचा आवाज आला, मग प्रश्न.

“बॅकअप है?”

“आहे, सर.”

“खोल के देखा?”

मी पेन ड्राइव्ह शोधायला ड्रॉवर उघडला.