पोर्टल आणि नजीरचा ‘ज’

वर्गातलं मूल आणि पोर्टलवरचं मूल वेगळं असू शकतं, हे आम्हा शिक्षकांना आता कोणी सांगायला नको. महाराष्ट्रात २०१५ मध्ये ‘सरल’ आलं. पुढे ‘यू-डायस प्लस’मध्येही प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद सुरू झाली. तेव्हापासून शाळा उघडली की हजेरीपत्रकाबरोबर मोबाईलही हातात येतो. पण आपण भरलेली माहिती पुढे जाते कशी आणि कुठे अडते, हे सहसा कोणी समजावत नाही. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. मला यात भाषेचाही प्रश्न दिसतो.

आधी व्यवहार समजून घेऊ. विद्यार्थी म्हणजे एकच माहिती नव्हे. त्याचं नाव, जन्मतारीख, आई-वडील आणि त्यांची नावं, पत्ता आणि पत्त्यात गाव-तालुका-जिल्हा, मागच्या इयत्तांची यादी. एका पिशवीत छोट्या पिशव्या असाव्यात, तसं हे गाठोडं असतं. संगणकवाले त्याला ‘ऑब्जेक्ट’ म्हणतात. मोबाईलमधलं हे गाठोडं जसंच्या तसं पलीकडच्या सर्व्हरवर जात नाही. ते सोडायचं, ठरलेल्या पद्धतीने ओळीत लिहून काढायचं, पाठवायचं आणि पलीकडे पुन्हा बांधायचं. लिहिण्याच्या पद्धती अनेक आहेत. १९९८ मध्ये एक्सएमएल मान्य झाली, तिच्यावर ‘सोप’ उभी राहिली, आणि आज बऱ्याच ठिकाणी ‘जेसन’ वापरतात. पद्धत कोणतीही असो, अट एकच. कोणता रकाना, त्यात अक्षरं की आकडे, तो सक्तीचा की ऐच्छिक, हे दोन्ही बाजूंचं आधी ठरलेलं हवं.

शाळेला हे नवं नाही. पाथर्डी-शेवगावकडचं मूल नगरच्या शाळेत आलं की त्याचा दाखला येतो. तिकडच्या जनरल रजिस्टरमधली माहिती दाखल्याच्या रकान्यांत उतरते आणि इकडच्या रजिस्टरमध्ये पुन्हा चढते. ज्याला रकाना नाही ते मागेच राहतं. मूल आजीकडे वाढलंय, गणितात हुशार आहे, हे दाखल्यावर येत नाही. तरी दाखला वाचणारा माणूस असतो. ‘शेख’ पुढे लिहिलं काय आणि मागे लिहिलं काय, त्याला मूल कळतं. सर्व्हरला फक्त रकाना कळतो.

आणि रकाने कोणते? स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. हा क्रम मराठी रिवाजाचा आहे, त्यात गैर काही नाही. पण आपल्या घरांत कुणाचं ‘शेख’ आधी, कुणाचं शेवटी. ‘मोहम्मद’ एका कागदावर पूर्ण, तर दुसऱ्यावर दोन अक्षरांत आखडलेलं. आईच्या नावातलं ‘बी’ कुठे जोडून, कुठे तोडून. काही आयांना आडनावच नाही, पण रकाना सक्तीचा असला की भरणारा काहीतरी भरतो, आणि तेच कायमचं चिकटतं.

त्यात लिपीचा पेच. उर्दूत ‘ज़’चा उच्चार होणारी चार अक्षरं आहेत: ज़ाल, ज़े, ज़ाद आणि ज़ोय. ज़ालने लिहिलेला ‘नज़ीर’ म्हणजे सावध करणारा. ज़ोयने लिहिलेला ‘नज़ीर’ म्हणजे तोडीचा, उदाहरण. ही दोन वेगळी नावं मराठीत येताना एकच ‘नजीर’ होतात, आणि तिथून उर्दूत परत जायची वाट बंद होते. याच्या उलट गोष्ट ‘शेख’ची. उर्दूत लिहायची रीत एकच, पण इंग्रजीत कुणी ‘ए-आय’ घालून लिहितं, कुणी ‘ई-आय’, कुणी नुसता ‘ई’. त्यात नुक्ताही आहे. युनिकोडमध्ये ‘ज़’ हे एकच चिन्ह म्हणून लिहिता येतं, किंवा ‘ज’ आणि त्याखाली वेगळा नुक्ता अशा दोन चिन्हांनी. डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं. प्रणालीने आधी दोन्ही एका रूपात आणून घेतलं नाही, तर संगणकाला ते वेगळं वाटतं.

हा भाषाप्रेमींचा शौक म्हणून सोडून देता आला असता. पण पडताळणीत आधार क्रमांकासोबत नाव, जन्मतारीख आणि लिंग पाठवलं जातं, आणि ते जुळलं की नाही एवढंच उत्तर परत येतं. कार्डावरची माहिती कुणाच्याही हाती पडू नये, म्हणून हे योग्यच आहे. पण नेमकं कोणतं अक्षर अडलं, हे शिक्षकाला कळत नाही. २०२२-२३ पासून शाळेची संच मान्यता, म्हणजे शिक्षकांची किती पदं मिळणार, ही आधार वैध ठरलेल्या विद्यार्थ्यांच्या संख्येशी जोडली गेली. तालुक्याच्या गावातली छोटी उर्दू शाळा डोळ्यांसमोर आणा. तिथे चार-पाच मुलं ‘इनव्हॅलिड’ निघाली तरी एक शिक्षक जाऊ शकतो. एका आईने मला विचारलं होतं, “मॅडम, बच्ची तो रोज तुम्हारे सामने बैठती, फिर वो इनव्हॅलिड कैसी?” या सवालाला पोर्टलवर रकाना नाही.

उपाय अशक्य नाही, आणि त्याचा दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. पण इथल्या शाळांचे यू-डायस क्रमांक आधीही २७२६ ने सुरू होत होते आणि आजही होतात. ओळख क्रमांकावर ठेवली होती, म्हणून नाव बदलूनही शाळा हरवली नाही. अख्ख्या जिल्ह्याचं नाव बदललं तर जी व्यवस्था गडबडत नाही, तिने एका मुलीच्या नावातल्या अक्षरालाही थोडी जागा द्यावी. कुटुंब लिहितं तसं पूर्ण नाव एकाच रकान्यात घ्यावं. आडनाव सक्तीचं नसावं. उर्दू लिपीतल्या नावासाठी एक ऐच्छिक रकाना असावा. आणि क्रमांक, जन्मतारीख जुळत असून फक्त नाव अडत असेल, तर निर्णय मूल रोज पाहणाऱ्या मुख्याध्यापकांवर सोपवावा. शिक्षक संघटनांनी जुन्या पेन्शनइतक्याच जोराने हे मागायला हवं.

तोवर पालकांना माझी विनंती आहे. जन्मदाखला, आधार आणि शाळेचं रजिस्टर एकदा शेजारी ठेवून बघा. मराठी आणि इंग्रजी स्पेलिंग, शब्दांचा क्रम, आईचं नाव, सगळं. फरक असेल तर मूल दहावीच्या फॉर्मपर्यंत पोहोचण्याआधी दुरुस्त करून घ्या, कारण बोर्डाच्या प्रमाणपत्रावर नाव छापलं गेलं की दुरुस्तीचे हेलपाटे वाढतात. आणि ठरलेलं नाव घरात एका कागदावर तिन्ही लिप्यांत लिहून ठेवा. उर्दूत लिहिताना ‘ज़’ नेमका कोणता, हे घरातल्या मोठ्यांना विचारा. पोर्टलला ते आज नको आहे, पण मुलाला आपल्या नावाचा अर्थ माहीत असायला हवा.