शिदोरी

घरी पान वाढणे निराळे आणि प्रवासाला निघालेल्या माणसास शिदोरी बांधून देणे निराळे. घरी मीठ कमी पडले तर हात लांबवून घेता येते. शिदोरीत ते राहून गेले तर वाटेवरच्या झाडाखाली गाठोडे सोडल्यावरच कळते. संगणकाच्या आज्ञावलीचेही असेच असते, याचा प्रत्यय आम्हांस अलीकडे आरे कॉलनीत आला.

1949 साली वसविलेल्या या दुग्धवसाहतीतील गोठे आजही 'युनिट' या नावाने आणि क्रमांकाने ओळखले जातात. अशाच एका गोठ्याच्या वृद्ध हिशेबनिसांसाठी आमच्या परिचयातील एका तरुणाने रतिबाचा हिशेब ठेवणारी आज्ञावली पायथन भाषेत रचली होती. कोणाकडे किती दूध गेले, कोणाचा खाडा झाला, महिनाअखेर येणे किती, हे सारे त्याच्या संगणकावर बिनबोभाट चाले. गोठ्यावर मात्र चिन्हावर टिचकी मारताच एक काळी चौकट क्षणभर उघडे आणि नाहीशी होई. "माझ्याकडे तर चालतं, काका," असे तरुण म्हणे, आणि काका ओशाळून म्हणत, "मग माझंच काहीतरी चुकत असेल, बाबा." त्यांचे ते ओशाळणे आम्हांस बोचले.

गीदो व्हान रॉसम यांनी 1991 साली प्रसिद्ध केलेली ही भाषा दुभाष्यावाचून चालत नाही. तो दुभाषी आणि लागणारी ग्रंथालये ज्याच्या घरी नाहीत, त्याच्यासाठी सर्व काही एकत्र बांधून द्यावे लागते. पायइन्स्टॉलर नावाचे साधन हे काम करते. आज्ञावलीत कोणकोणती ग्रंथालये उघडपणे मागविली आहेत ते वाचून ते त्यांची मोट बांधते. परंतु जे ग्रंथालय आयत्या वेळी केवळ नावाने बोलावले जाते, ते त्याच्या नजरेस पडत नाही. आणि चित्रे, टंक, नमुने यांची गरज तर त्याला सांगितल्यावाचून कळतच नाही.

तेव्हा आम्ही तरुणास सुचविले की, टिचकी न मारता आज्ञा टंकित करावयाच्या खिडकीतून आज्ञावली चालवून पाहावी. म्हणजे ती मरताना काय बोलते ते ऐकू येईल. तसे करताच न सापडलेल्या ग्रंथालयाचे नाव पडद्यावर उमटले. ते नाव बांधणीच्या वेळी वेगळे कळविले. मग पावतीचा नमुना सापडेना. तोही सोबत बांधला. आज्ञावली सुरू झाली आणि काकांचा चेहरा उजळला.

खरा धोका मात्र पुढेच होता. काकांनी चाचणीदाखल चार नोंदी केल्या, खिडकी बंद करून पुन्हा उघडली, तो नोंदी गायब! तक्रारीचा एक शब्दही पडद्यावर नव्हता. सारे एकाच फाइलीत बांधले की ते गाठोडे प्रत्येक वेळी एका तात्पुरत्या जागी सुटते आणि काम संपताच ती जागा झाडून टाकली जाते. हिशेबाची वही आज्ञावलीशेजारीच ठेवलेली. त्यामुळे तीही केरात गेली. तरुणाच्या घरी ती जागा कायमची होती, म्हणून तेथे हे कधी दिसलेच नाही. वही काकांच्या स्वतःच्या कप्प्यात ठेवण्याची व्यवस्था केली, तेव्हा नोंदी टिकू लागल्या. चार नोंदींऐवजी महिन्याचा रतीब असता, तर दुधाचे पैसे कोणाच्या तोंडी हिशेबावर वसूल झाले असते?

शोधाची रीत तशी साधी आहे. आधी सुटे फोल्डर बांधावे, ते चालले की मगच एक फाइल करावी. आणि जेथे पायथन कधी शिरलेच नाही अशा कोऱ्या संगणकावर परीक्षा घ्यावी. विंडोजसाठी बांधावयाचे ते विंडोजवरच बांधावे.

एके काळी आरेचे दूध काचेच्या बाटल्यांतून मुंबईच्या घराघरांत जाई. त्या दुधाची खरी परीक्षा दुग्धालयात नव्हे, तर गिऱ्हाइकाच्या चुलीवर होत असे; तेथे ते नासले तर 'आमच्याकडे चांगले होते' या उत्तराने कोणाचा चहा झाला नसता. यंत्रयुगात मात्र हे उत्तर सर्रास दिले जाते आणि साधी माणसे ते खालमानेने ऐकून घेतात. ज्याला आतले काही दिसत नाही, त्याने दोष स्वतःकडे घ्यावा आणि ज्याला सर्व दिसते त्याने निर्धास्त राहावे, हा न्याय उफराटा आहे. वस्तू दुसऱ्याच्या हाती देणाऱ्याने त्या हातांच्या घरी जाऊन ती चालते की नाही हे पाहावे, एवढीच आमची अपेक्षा आहे.