नेम पुढे धरावा

टॉर्पेडो मारायचा असेल तर जहाजावर नेम धरू नये. जहाज जिथं नाही तिथं धरावा. हे वाक्य वाचून आपण पुस्तक मिटणार असाल तर थोडं थांबा. अहो, बस पकडताना आपण हेच तर करतो! बस कोपऱ्यावर दिसते, पण आपण धावतो ते ती थांबणार असते तिकडे. (थांबत नाही, हा भाग वेगळा.) मराठीत ह्या अस्त्राला पाणतीर म्हणतात. तीर म्हटलं की डोळ्यांसमोर अर्जुन येतो. पण अर्जुनाला नुसता माशाचा डोळा दिसत होता. पाणबुडीच्या कप्तानाला डोळ्याबरोबर माशाचा वेग, दिशा, अंतर आणि लांबी, सगळं दिसावं लागतं, म्हणजे तो अर्जुन कमी आणि अकाउंटंट जास्त.

म्हणूनच, एक सामान्य बी.कॉम. क्लार्क असूनही मला ह्या विषयात गती आहे. आमच्या चिरंजीवांच्या संगणकावर ‘सायलेंट हंटर’ नावाच्या खेळाचा तिसरा अवतार आहे. २००५ सालचा, म्हणजे खेळ चिरंजीवांपेक्षा मोठा. त्यात आपण दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पाणबुडीचे कप्तान होतो. चिरंजीव नेमाचं गणित यंत्राकडे सोपवतात, तशी सोय खेळात आहे. मी सगळं हातानं करतो. वीस वर्षं बेरजा तपासलेला माणूस यंत्राची बेरीज आयती घेईल काय?

पद्धत सांगतो. पाणबुडी पाण्याखाली स्तब्ध ठेवायची, तीही जहाजाच्या वाटेशी काटकोन करून. मग पेरिस्कोपमधली उभी रेघ. जहाजाचं नाक रेघेला लागलं की घड्याळ सुरू, शेपूट सुटलं की बंद. लांबी पुस्तकात दिलेलीच असते. एकशेवीस मीटरच्या जहाजाला चोवीस सेकंद लागले, म्हणजे सेकंदाला पाच मीटर, म्हणजे जवळजवळ दहा नॉट. जर्मनांचा विजेवरचा टॉर्पेडो तीस नॉटनं जायचा. (वाफेवरचा जास्त वेगवान, पण पाण्यावर बुडबुड्यांची रांग सोडायचा, चोरानं घुंगरू बांधून यावं तसं.) आता दहाला तीसनं भागा आणि त्रिकोणमितीचं कोष्टक काढा : अठरा अंश. तेवढा पेरिस्कोप पुढे वळवून ठेवायचा आणि वाट बघायची. जहाज रेघेवर आलं की सोडायचा. ह्यात अंतर फारसं लागतच नाही, हे त्यातलं सौंदर्य. मात्र फार जवळ जायचं नाही. तीनशे मीटर पळाल्याशिवाय टॉर्पेडो ‘जागा’ होत नाही. त्याआधी लागला तर नुसता टण्ण आवाज.

बँकेत मॅनेजरांकडून रजेचा अर्ज मंजूर करून घेताना मी हेच शास्त्र वापरतो. समोरून जायचं नाही. समोरून माणूस अरुंद दिसतो. केबिनमधून निघून ते चहाकडे चालले असताना काटकोनात गाठायचं. आणि अगदी अंगावर जायचं नाही.

सरावाला उलवे फार चांगलं. गॅलरीच्या गजाआडून आमच्या बामणडोंगरीची लोकल मोजता येते. बारा डबे, साधारण अडीचशे मीटर, गज ओलांडायला पंधरा सेकंद : ताशी साठ किलोमीटर. आमची ही एकदा विचारती झाली, “ज्या गाडीत रोज लोंबकळता तिलाच सुट्टीच्या दिवशी काय बघता?” पाण्यातल्या सुरुंगांचा अनुभवही उलवेकरांना आहेच. काही वर्षांपूर्वी विमानतळासाठी इथली टेकडी फोडत होते, तेव्हा धडाड्‌धुम् झालं की कपाटातल्या बश्या किणकिणायच्या. आम्ही डोळे वर करून छताकडे बघायचो. पाणबुडीतले लोक करायचे तेही एवढंच.

ह्या शास्त्रातला मला सगळ्यात आवडणारा अध्याय अमेरिकन आहे, कारण तो कुठल्याही हेड ऑफिसातला वाटतो. युद्धाच्या सुरुवातीला त्यांचा मार्क १४ टॉर्पेडो ठरवल्यापेक्षा दहाएक फूट खोल पळायचा. कप्तान कळवत, “जहाजाखालून गेला.” वरून उत्तर येई, “तुमचा नेम चुकला.” महाग वस्तू म्हणून चाचण्या जेमतेम झालेल्या. शेवटी १९४२ मध्ये ऑस्ट्रेलियात कोळ्याचं जाळं पाण्यात सोडून त्यावर टॉर्पेडो मारले आणि भोकं कुठं पडली ते मोजलं! पुढे २४ जुलै १९४३ रोजी ‘टिनोसा’ पाणबुडीनं एका जपानी तेलजहाजावर पंधरा टॉर्पेडो सोडले. बहुतेक लागले आणि बहुतेक फुटले नाहीत. जहाज थांबलेलं, कोन अगदी पुस्तकातला. सोळावा कप्तानानं पुरावा म्हणून परत नेला. निष्पन्न काय, तर काटकोनात बरोबर बसला की आतली पिन वाकायची; तिरका बसला तर फुटायचा. म्हणजे ज्याचं काम चोख त्याचीच फाइल परत! मी हे वाचून पुस्तक छातीशी धरलं.

इथवर सगळं मजेचं. पण आमची शाखा फोर्टात, आणि जेवणाच्या सुट्टीत पाय मोकळे करायला मी बॅलार्ड पिअरकडे जातो. तिथून २० नोव्हेंबर १९४२ रोजी ‘तिलावा’ नावाचं दहा हजार टनी जहाज मोंबासा-डर्बनकडे निघालं होतं. माणसं साडेनऊशेंवर, त्यांत पुष्कळसे आफ्रिकेत पोटापाण्याला निघालेले आपलेच लोक. तेवीस तारखेच्या पहाटे अरबी समुद्रात जपानी पाणबुडी आय-२९नं टॉर्पेडो मारला. लोक होड्यांत उतरले. जहाज लगेच बुडेना, म्हणून काही पुन्हा वर चढले. तेव्हा दुसरा आला. एकंदर दोनशेऐंशी गेले. ह्याच आय-२९नं पुढल्या एप्रिलात मादागास्करजवळ भर समुद्रात नेताजींना जर्मन पाणबुडीतून उतरवून घेतलं. आणि १९४४ च्या जुलैत ती स्वतः अमेरिकन टॉर्पेडोंनी बुडाली. जमा-खर्चाची ही नोंद कुठल्या बाजूला घालायची, हे मला बी.कॉम.ला शिकवलं नव्हतं.

जहाजावर चांदी होती : २,३६४ विटा. त्या २०१७ साली तळातून वर आल्या आणि वर काढल्याच्या मोबदल्याचा दावा लंडनच्या सर्वोच्च न्यायालयात २०२४ पर्यंत चालला. वीट न् वीट मोजलेली.

मला मात्र तो दुसरा टॉर्पेडो सोडत नाही. पहिल्याला गणित लागतं. दुसऱ्याला काय लागतं? जहाज उभं. वेग शून्य, म्हणून पुढे धरायचं तेही शून्य. सरळ रेघेवर.

गेल्या रविवारी चिरंजीवांचं एक मालवाहू जहाज पहिल्या फटक्यानंतर पेरिस्कोपात असंच उभं राहिलं होतं, किंचित कलून. रात्र, चांदणं, खेळ असूनही पाणी खरं वाटावं असं.

“बाबा, सोपं आहे. शून्य धरा आणि सोडा.”

म्हटलं, “थांब जरा.”

“पण टनेज जाईल!”

“जाऊ दे.” आणि त्याला विचारलं, “बॅलार्ड पिअर कुठं आहे, ठाऊक आहे तुला?”

त्याला ठाऊक नव्हतं. मग जहाज तसंच ठेवून मी त्याला तिलावाची गोष्ट सांगायला बसलो. दुसऱ्यावर आलो, तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, “बुडालं का एकदाचं? पोळ्या गार होतायत!”